गीतकाराचा रकाना

मृणाली : ही वही तुमचीच ना, कमळाकरदादा?

कमळाकर : माझीच. पण ती तुमच्या हातात कशी?

मृणाली : तुमच्या घरून आणली. प्रतिक्षाला म्हटलं, बाबांची गाण्यांची वही दाखव. तिनं लगेच काढून दिली.

कमळाकर : वा! बाप कारखान्यात गणपतींचे डोळे आखत बसलाय आणि लेक घरी बापाची वही वाटतेय. मृणाली मॅडम, तुम्ही रोह्याहून सही घ्यायला आलात का धाड घालायला?

मृणाली : सहीच घ्यायला आलेय. पण सहीआधी दोन गोष्टी विचारायच्यात. तो ब्रश जरा खाली ठेवाल?

कमळाकर : ब्रश खाली ठेवला तर डोळा अर्धाच वाळेल. तुम्ही विचारा, कान मोकळे हायेत.

मृणाली : मुंबईच्या कंपनीचा कागद आलाय. त्यांना आपल्या गाण्यातलं कडवं सिनेमात घ्यायचंय. कागदावर एक रकाना आहे, 'गीतकार'. त्यात नाव लिहायचं आणि खाली सही करायची, की हे शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. आज संध्याकाळच्या आत पाठवायचाय.

कमळाकर : मग द्या की इकडं. दोन मिनिटांचं काम.

मृणाली : तुमच्या सहीखाली माझीपण सही लागते. स्टुडिओ माझा, चॅनल माझं. मागच्या वर्षी एकानं दुसऱ्याचं गाणं स्वतःचं म्हणून माझ्या गळ्यात मारलं. दोन महिने चॅनल बंद होतं माझं. म्हणून विचारते.

कमळाकर : म्हणजे मी चोर.

मृणाली : मी तसं म्हटलं नाही.

कमळाकर : वही काखेत मारून दारात उभ्या राहिलात ना, तेव्हाच म्हणून झालं तुमचं. का त्या रकान्यात स्वतःचं नाव घालायचंय? तसं असेल तर सरळ बोला.

मृणाली : माझं नाव घालायचं असतं तर मी इथवर कशाला आले असते? घरबसल्या घातलं असतं. हे पान बघा. 'तुझ्या नखऱ्याचं नेटवर्क फुल, माझ्या दिलाचं सिम गुल.' केवढी खाडाखोड! 'सिम'च्या आधी 'बिल' लिहिलं होतंत.

कमळाकर : 'बिल' बरं नाय वाटलं.

मृणाली : 'सिम'ही बरं नाही वाटत, दादा.

कमळाकर : तुम्हाला नसेल वाटत. जिते गावात एका हळदीत सात वेळा लावलं होतं ते गाणं. पोरं नाचून नाचून दमली.

मृणाली : नाचतात, ते मी कुठे नाही म्हणते! आता हे पान. आपलं हिट झालेलं गाणं. वर धृपद, 'लाव रे दादा डीजे, हळदीला नाचू'. इथंही शाई फासलेली. आणि खाली कडवं. वाचू?

कमळाकर : मला पाठ हाय.

मृणाली : तरी वाचते. 'हलद लागली पायाला, मीठ भेगंतलं जागं जालं. रडं नाय गो ह्यें सासरचं, झोंबलं म्हनून पानी आलं.' एक अक्षर खोडलेलं नाही. शाईचा एक ठिपका नाही. अख्ख्या वहीत असं स्वच्छ पान दुसरं नाही तुमचं.

कमळाकर : सुचतं एखादं एका दमात. तुम्ही लिहीत नाय, तुम्हाला काय कळणार!

मृणाली : कधी सुचलं?

कमळाकर : असंच, एकदा.

मृणाली : कुठे होतात तेव्हा?

कमळाकर : आधी पोलिसात होतात का हो तुम्ही?

मृणाली : नखऱ्याचं गाणं तुम्हाला नागोठण्याच्या स्टँडवर सुचलं, एसटी चुकली म्हणून. हे तुम्ही मला न विचारता तीनदा सांगितलंय. आणि याचं विचारलं की ब्रश धुवायला उठता.

कमळाकर : रंग घट्ट झाला म्हणून उठलो. काय बाई हाय! आता उठायचंपण नाय का?

मृणाली : मिठागरावर काम केलंय तुम्ही कधी?

कमळाकर : मी नाय, आईनं केलंय. मी इथं रंगात वाढलो. पण आईचे पाय बघितलेत मी. अशा भेगा, की बोट आत जाईल. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा हाय?

मृणाली : पाय बघितलेत, बरोबर. पण त्या भेगेत हळद गेल्यावर आत काय होतं, आणि त्याचं निमित्त करून नवरी रडणं कसं लपवते, हे तुम्हाला कुठून कळलं? हे लांबून बघून लिहिलेलं वाटत नाही.

कमळाकर : म्हणजे ज्याच्या पायाला भेगा त्यानंच भेगेवर लिहायचं? मग मी गणपतीचे डोळे आखतो, मी काय देव हाय? चांगला गीतकार म्हणजे कोण, ते तरी एकदा सांगून टाका. आम्हालापण कळू दे.

मृणाली : सांगते. मागच्या महिन्यात रोह्याला एका हळदीत आपलं गाणं लागलं होतं. धृपदाला सगळा मांडव नाचत होता. कडवं आलं आणि बायका थांबल्या. पुरुष नाचत होते, बायका तेवढ्या थांबल्या. एक तर पदर तोंडाला लावून घरात गेली. नाचवणारे पुष्कळ आहेत, दादा. असं मध्येच थांबवतो तो गीतकार.

कमळाकर : आणि मी नाचवणाऱ्यातला.

मृणाली : कंपनीला धृपद नकोय. फक्त कडवं हवंय.

कमळाकर : हे आधी नाय बोललात तुम्ही.

मृणाली : आणखी एक बोलले नाही. मी इथं कुणाला तरी बोलावलंय.

कमळाकर : माझ्या कारखान्यात? मला न विचारता?

मृणाली : आपली सुरभी, जिनं गाणं म्हटलं, तिच्या आजीला तिनं हे कडवं ऐकवलं. आजीनं पहिलं काय विचारलं माहितीये? 'हौसा धवलारीण हाय का अजून?' मी शोध घेतला. आहेत. खाडीवरच्या गावात राहतात. एसटीनं येतायत.

कमळाकर : धवलारणी कुठल्या आता! लग्नात धवले गाणाऱ्या बाया होत्या, तो काळ गेला. डीजे आला आणि त्या घरी बसल्या.

मृणाली : मग हात का थांबला तुमचा?

कमळाकर : डोळा बघतोय. थांबूनच बघावं लागतं.

हौसा : मृनाली म्हनतात ती कोन हाय गो?

मृणाली : मी, मावशी. या, या. जपून, तिथं माती ओली आहे.

हौसा : चिखलात जल्म गेला माजा, माती मना काय करते! फोनवर बोल्लीस ती तूच? फोनवर मोठी वाटलीस.

मृणाली : बसा. चहा सांगू?

हौसा : चाय नको. कनाला बोलवलंस त्ये आदी सांग. आनि त्यो मोबाइल उलटा ठेव.

मृणाली : रेकॉर्डिंग चालू नाही, मावशी.

हौसा : नसंल. तरी उलटा ठेव. मागं एक पोरगा आयलता, धवलं लिवून घेतो म्हनून. आजी आजी करून बावीस धवलं म्हनवून घेतलं माज्याकडून. परत तोंड नाय दाखवलं मेल्यानं. ह्यो कागद कसला?

मृणाली : गाण्याचा आहे.

हौसा : गान्याला कागद? अंगठा-बिंगठा मी देनार नाय, सांगून ठेवते. आनि ह्यो बाबा कोन? तिकडं तोंड करून कनाला बसलाय?

कमळाकर : मी कमळाकर, मावशी. आखणी चाललीय. हात हलला तर मूर्ती फुकट जाते.

हौसा : आवाज कुटंतरी ऐकल्यासारका वाटतोय.

कमळाकर : पेणमध्ये सगळ्यांचे आवाज असेच.

मृणाली : मावशी, एक कडवं ऐकवते. तुमचं आहे का तेवढं सांगा. 'हलद लागली पायाला, मीठ भेगंतलं...'

हौसा : माजं नाय.

मृणाली : अजून अर्धं वाचायचंय.

हौसा : अर्ध्यावरून कलतं. नाय माजं.

मृणाली : पुढचं ऐका तरी. 'रडं नाय गो ह्यें सासरचं...'

हौसा : येकदा नाय म्हनले ना गो! उगा कनाला लावून धरतेस? धवलारनीचं आपलं असं काय नसतंच. मना शांतीबायनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं. मांडवाचा येगला, हलदीचा येगला, नवरी निंगताना येगला, असं बावीस. ह्यें त्या बावीसात नाय.

मृणाली : बावीसात नसेल. तुम्ही स्वतः रचलं असेल.

हौसा : तोंड सांबाल! शांतीबायनं शपत घालून शिकवलंय मना. पदरचं एक अक्षर घालायचं नाय. घातलंस, तर त्या नवरीच्या संसाराचं बरं-वाईट तुज्या माथी, असं म्हनली व्हती. चालीस वरसं मांडवात बसले मी. भटजीच्या आदी माजा मान. माज्या धवल्यानं कोनाचं वाईट जालं असं म्हनून दाखवावं कोनी!

मृणाली : मी कुठे म्हणते तसं? पण तुम्ही इतक्या का चिडताय? साधं विचारलं मी.

हौसा : साधं इचारायला कोन एसटीनं बोलवीत नाय.

मृणाली : खरं सांगा, यांनी तुम्हाला आधीच फोन केला होता का? काय बोलायचं ते सांगून ठेवलंय?

कमळाकर : मी कशाला फोन करू? माझ्याकडं नंबरपण नाय यांचा.

हौसा : या बाबाला मी आज बगते. त्याचं तोंडपन अजून नीट बगितलं नाय.

मृणाली : मला तुम्हा दोघांचंही काही खरं वाटत नाही. एकाला कुठे सुचलं ते आठवत नाही आणि दुसरी ऐकायच्या आत नाही म्हणते. पण आता मी तरी काय करणार? जिचं असेल असं वाटलं, तीच नाही म्हणते. घ्या दादा, पेन घ्या. माझंच चुकलं.

कमळाकर : द्या.

मृणाली : इथं नाव लिहा. खाली सही.

कमळाकर : मावशी, परत एकदा सांगा.

हौसा : काय सांगू?

कमळाकर : तुमचं नाय?

हौसा : नाय.

कमळाकर : असं कडवं तुम्ही फेकून देताय? माझ्यासारख्याच्या हातात?

हौसा : तूच लिवलंस ना? मंग कर सही आनि मोकला हो. मना चारची एसटी गाठायचीय.

मृणाली : दादा, थांबलात का? हेच हवं होतं ना तुम्हाला?

कमळाकर : व्हय, हेच हवं होतं! पंचवीस वर्षं डोळे आखतोय मी. माझ्या हातचे गणपती कुठं कुठं जातात, परदेशातपण जातात. एका मूर्तीखाली माझं नाव नाय. या गाण्याखाली पहिल्यांदा आलं. प्रतिक्षानं मोबाइलवर दाखवलं, 'गीतकार कमळाकर'. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि परत दिलाच नाय. ते नाव गेलं तर माझ्याकडं उरतं काय? नखऱ्याचं नेटवर्क! ते कसलं हाय हे मला कळत नाय असं वाटतं का तुम्हाला? कळतं. म्हणून तर राग येतो. माझ्या हातून असं एक कडवं झालं असतं, तर मी ते छातीवर गोंदवून घेतलं असतं. आणि जिनं केलंय ती म्हणते माझं नाय!

मृणाली : 'जिनं केलंय'? दादा, नीट सांगा.

कमळाकर : सांगतो. एकोणीस वर्षं झाली. इथं माझ्याबरोबर एक साईराज होता, नागोठण्याचा. त्याचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी त्याला हळद लागली आणि उरलेली उष्टी हळद घेऊन आम्ही नवरीकडं गेलो.

हौसा : गप ऱ्हा तू.

कमळाकर : ती हळद नवरीच्या पायाला लावली आणि नवरी रडायला लागली. नवऱ्या रडतात तसं नाय, हमसून हमसून. साईराजचे काका हैबतराव ताडकन उठले. म्हणाले, पोरीच्या मनात नाय आणि बळंच देताय का आम्हाला? चला रे, हळद उचला.

हौसा : हैबतराव आदी नाय उटला. आदी एक पोरगा बोल्ला. मांडवाच्या खांबाला टेकून उबा व्हता. 'नवरी कनाला रडते? दुसरीकडं मन हाय का काय?' त्यो असं बोल्ला, तवा हैबतराव उटला.

कमळाकर : तो पोरगा मी.

हौसा : तू? इकडं तोंड कर. बगू दे मना. व्हय गो, त्योच की ह्यो! तरी म्हनले आवाज कुटं ऐकलाय. रं मेल्या, कनाला बोल्लास रं तसं?

कमळाकर : चोवीस वर्षांचं वय, मावशी. चार जण हसतील म्हणून बोललो. कोणी हसलं नाय.

हौसा : तू हसवायला बोल्लास, आनि हितं माजा मांडव उटाया लागला.

कमळाकर : पण उठला नाय. तुम्ही गायलात. हेच कडवं. सगळे ऐकत राहिले. हैबतरावांनी डोळे पुसले आणि खाली बसले. म्हणाले, पोरीचे पाय बघा रे, कष्टाची पोर हाय. मी आयुष्यात तसलं काय ऐकलं नव्हतं. दोन ओळी, आणि उठलेलं वऱ्हाड खाली बसलं! तेव्हापासून मी गाणी लिहायला लागलो, मॅडम. तसं एक तरी जमावं म्हणून. नाय जमलं. एकोणीस वर्षं हे कडवं डोक्यात घेऊन फिरलो. वाट बघितली, कुठल्या तरी हळदीत कोणी म्हणेल. कोणीच म्हटलं नाय. मग या वर्षी लिहून टाकलं आणि खाली माझं नाव घातलं. चोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी सही करत नाय. हा घ्या पेन.

मृणाली : मावशी, आता तरी?

हौसा : शपत मोडली मी. येकदाच. त्या मांडवात.

मृणाली : पण त्यानं लग्न वाचलं की! यात लपवायचं काय? तुमच्या गुरूसुद्धा रागावल्या नसत्या. बिचारीला हळद झोंबली, म्हणून...

हौसा : झोंबली नाय गो.

मृणाली : म्हणजे?

हौसा : आमच्याकडं मिठागरावरच्या नवरीची हलद तेलात कालवतात. भरपूर तेल घालून. भेगांत जाऊन आग होऊ नाय म्हनून. ह्यांनी आनलेली उष्टी हलद चिमूटभर. ती आमच्या तेलाच्या हलदीत मिसलली. तेलाची हलद झोंबत नाय. बाप्यांना काय म्हायती? त्यांना खरं वाटलं. बायकांना समद्यांना ठाव व्हतं. येक बाय बोल्ली नाय.

कमळाकर : म्हणजे तेव्हा आम्ही सगळे...

हौसा : तुमी समदे डोलं पुसत बसलात.

मृणाली : आणि रोह्याला बायका थांबल्या, त्या म्हणूनच. मावशी, मग नवरी का रडत होती?

हौसा : ठाव नाय.

मृणाली : तुम्ही विचारलं नाही? तिच्या आईनं तरी विचारलं असेल.

हौसा : नाय इचारलं. तिची आय मीच.

मृणाली : तुमची मुलगी?

हौसा : माजी पूजा. दुसरी धवलारीन कोन आननार? मीच बसले गायला. तिथंच चुकलं. नुसती आय म्हनून मांडवात असते, तर उटून पोरीजवल गेले असते. तिला आत नेली असती. काय गो जालं, म्हनून इचारलं असतं. पोरगी माज्याकडंच बगत व्हती. मना दिसत व्हतं बगते ती. पन मी तिच्या तोंडाकडं नाय बगितलं. मी शब्द शोधीत व्हते.

मृणाली : तुमच्यावर वेळच तशी आली होती, मावशी.

हौसा : तसं म्हनू नको. शब्द गावले, मांडव खाली बसला, तवा मना काय वाटलं सांगू? बरं वाटलं. आपुन केलं म्हनून आनंद जाला. लेक रडतेय आनि मना आनंद जाला! आनि पोरगीपन गप जाली त्या शब्दांनी. समदा मांडव म्हनतोय तुजे पाय झोंबले. आता ती कोनाला सांगनार, माजं दुसरं कायतरी हाय म्हनून?

कमळाकर : मला हे काय म्हाईत नव्हतं, मावशी. तो प्रश्न मी केला नसता, तर हे झालंच नसतं.

हौसा : प्रश्न बरोबर व्हता रं. तू चेष्टेनं केलास आनि मी केलाच नाय.

मृणाली : आता कशा आहेत पूजाताई?

हौसा : बरी हाय म्हनते. दोन पोरं हायेत. साईराज तितल्या कंपनीत लागलाय, मानूस वाईट नाय. सनासुदीला येते, दोन दिस ऱ्हाते, जाते. पन ननंदेच्या लग्नात तिनं दुसरी धवलारीन आनली. मना खुर्ची दिली बसायला, पावनीला देतात तशी. 

मृणाली : मावशी, रकान्यात तुमचंच नाव जायला हवं. आता मी दुसरं कुणाचं घालूच शकत नाही.

हौसा : माजं घालशील तर गाव इचारल, कवा केलंस, कोनाच्या हलदीत केलंस. मंग पूजाचं नाव निंगंल. इतकी वरसं ती गप बसली, आनि आता सिनेमात वाजवू?

मृणाली : ते वाजतंच आहे. अकरा लाख वेळा ऐकलंय लोकांनी. नागोठण्यात तर हळद असली की लागतंच. त्यांनीही ऐकलं असणार.

हौसा : पूजानं?

मृणाली : ऐकलं नसेल असं कसं होईल? शेजारच्या मांडवात लागलं तरी घरात ऐकू येतं.

हौसा : म्हंजे परत परत ऐकते ती. माज्याच तोंडचं. आनि मना ठावच नाय!

कमळाकर : मॅडम, ते गाणं काढून टाका चॅनलवरून. माझं मी सांगतो लोकांना, काय सांगायचं ते.

मृणाली : काढता येईल. पण हे तुम्ही-आम्ही ठरवायचं का?

हौसा : तिला लाव.

मृणाली : आत्ता?

हौसा : साईराज पयल्या शिफ्टला असंल. ती येकलीच असंल घरात. माज्या फोनात येक दाबून धरलं की तिला लागतो. तूच दाब गो. ती व्हय म्हनली तर माजं नाव घाल. नाय म्हनली तर रकाना रिकामा धाड, नायतर कागद फाड. मी काय बोलनार नाय.

कमळाकर : आम्ही बाहेर थांबतो, मावशी. तुम्ही निवांत बोला.

हौसा : तू हितंच बस. तूच इचारलंस ना तवा, नवरी कनाला रडते म्हनून? आता ऐकून जा.

मृणाली : रिंग होतेय. घ्या.

हौसा : (फोनवर) पूजा? मी बोलते, आय. नाय गो, बरी हाय मी. पेनला आयले व्हते. गोल्या हायेत अजून, संपल्या नाय. तसं काय काम नाय. येक इचारायचं व्हतं तुना. आदीच इचारायला पायजे व्हतं. तुजी हलद व्हती ना, ती उष्टी हलद आनली तवा, तू कनाला रडलीस गो?

कमळाकर : फोन कट झाला का?

मृणाली : नाही. चालू आहे.

हौसा : हाय गो, मी हाय. ठेवला नाय फोन. तू सावकाश सांग.